पान त्र्याऐंशीसाठी चित्र

३ जानेवारी

ताई,

हे पत्र कुणाचं म्हणून आधी शेवट उलटून बघू नकोस, मीच सांगते. मी बारकी. तू घर सोडलंस तेव्हा मी तेरा वर्षांची होते आणि माझं अक्षर बघून तू म्हणायचीस, की मुंग्या शाईत बुडवून कागदावर सोडल्यात. त्याला आता चौदा वर्षं झाली.

तुझा पत्ता कसा मिळाला ते ऐक. मी एका प्रकाशनात पुस्तकांसाठी चित्रं शोधायचं काम करते. म्हणजे लेखकाने 'बंदर' असं लिहिलं, की बंदराचे पन्नास फोटो मागवायचे, एक ठेवायचा आणि एकोणपन्नास परत पाठवायचे. नोव्हेंबरात असाच एक गठ्ठा आला. त्यातल्या एका बोटीच्या नाकाडावर बगळा रंगवलेला होता. एक पाय पोटाशी, एक डोळा मिटलेला, आणि तोंडावर भाव असा की मासा येईल तेव्हा येईल, मला कुठे घाई आहे! हा बगळा आपल्या खोलीत माझ्या उशाशी भिंतीवर होता. दुसऱ्या कुणाला तो जमायचा नाही. फोटोवाल्याला विचारलं तर म्हणाला, धक्क्यावर एक पेंटर आहे, त्याचं काम. मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तू पेंटरशी लग्न केलंस! बोटी तो रंगवतो आणि बगळे तू काढतेस. भाऊजींना माझा नमस्कार सांग.

मी एका लॉन्ड्रीच्या वरच्या खोलीत राहते. खालून वाफ येते, त्यामुळे कपाटातली पुस्तकं पोट सुटल्यासारखी फुगलीत. एकटीच आहे. मधे एक जण होता, तो आता नाही, त्यावर पुन्हा कधीतरी. सुट्टीच्या दिवशी कुणाशी बोलले नाही हे मला संध्याकाळी घसा खाकरताना कळतं.

पत्र लिहायला निमित्त मात्र कामाचं आहे. गोष्ट लिहिणारे लोक वाचकाला कसे चकवतात, यावर आम्ही पुस्तक काढतोय. एकेक चकवा म्हणजे एकेक प्रकरण, आणि प्रत्येकाला एक पानभर चित्र. पान त्र्याऐंशीवरचा चकवा असा, की गोष्टभर ज्याला सगळे पुरुष समजतात तो शेवटी बाई निघतो. या प्रकरणाला मी दोनशे चित्रं बघितली. एकही धड नाही. तू काढशील का?

तुझीच,
बारकी

१६ जानेवारी

बारके,

पत्र मिळालं. वाचलं, रंगाच्या डब्यांमागे ठेवलं, पुन्हा काढून वाचलं. अक्षर सुधारलेलं नाही. मुंग्या फक्त मोठ्या झाल्यात.

बगळा ओळखलास याचा आनंद झाला. थोडी भीतीही वाटली. आपली खूण इतक्या लांब जाते हे माहीत नव्हतं.

चित्राचं बघेन. वेळ लागेल. इथे बोटी दुरुस्त होऊन पाण्यात उतरायचे दिवस आहेत. भाऊजींना नमस्कार वगैरे राहू दे. आणि एक कर. पत्र पाकिटात घाल, नीट चिकटव. इथलं टपाल दिवसभर मुकादमाच्या टेबलावर पडून असतं आणि मुकादमाला वाचनाची आवड आहे.

आई कशी आहे? हे पत्र तिला दाखवायचं की नाही ते तू ठरव.

तुझं मोठं भावंड

२५ जानेवारी

ताई,

चौदा वर्षांनी आलेलं पत्र, आणि लिहिलंयस असं, जणू नगरपालिकेला कळवतेयस! 'तुझं मोठं भावंड' काय? सरळ ताई लिहायला शाई कमी पडली? पण घरी पोचेपर्यंत मी ते तीनदा काढून वाचलं, हेही सांगून टाकते.

आईची काळजी करू नकोस. तिला आता कसलाही त्रास नाही.

चित्राचं सविस्तर सांगते. आमच्या संपादकबाईंना हवंय ते असं. योद्धा लढून उभा आहे, शिरस्त्राण काढतो, आणि लांबसडक केस खांद्यावरून खाली कोसळतात. बघणारे थक्क. बाई म्हणतात, वाचकाला पान उलटताक्षणी कळलं पाहिजे. मी आणलेल्या दोनशेपैकी एकशे सत्तर चित्रांत हेच होतं. जगात बाई असल्याचा दुसरा काही पुरावाच नसल्यासारखे सगळे केस सोडतात! पण मला काही त्याहून बरं सुचत नाही.

मला तुझी वेणी आठवते. आई सकाळी पायरीवर बसून घालायची आणि तू तोंड वाकडं करून बसायचीस. मला वाटायचं, ओढल्यामुळे दुखतंय. माझे केस कधी तेवढे वाढले नाहीत. मी फार जळायचे तुझ्यावर.

भाऊजी तुझ्या चित्रांना काय म्हणतात? की त्यांच्या नावावर खपवतात?

बारकी

८ फेब्रुवारी

बारके,

सोबत तीन कच्ची रेखाटनं आहेत.

पहिल्यात नुसतं टेबल आहे, त्यावर काढून ठेवलेलं शिरस्त्राण आणि शेजारी अर्धा प्यायलेला पाण्याचा पेला. दुसऱ्यात माणूस बाकावर बसून बूट काढतोय, दमलाय, दार बंद आहे. तिसरं मला त्यातल्या त्यात बरं वाटतं. मधोमध उभी व्यक्ती पाठमोरी आहे. तिचं काहीच दिसत नाही. समोर सात जण तिच्याकडे बघतायत. एकाचं तोंड उघडं, एक हसू दाबतोय, एक रागावलाय, एक शेजाऱ्याकडे बघून 'तुला माहीत होतं का' असं डोळ्यांनी विचारतोय. सातवा मान खाली घालून उभा आहे. त्याला बहुधा आधीपासून माहीत असावं.

कारण असं, की हा सगळा चकवा बघणाऱ्यांचा आहे. जिच्याबद्दल तो आहे तिला त्या क्षणी नवीन काहीच कळलेलं नसतं. ती कालही तीच होती. गोष्ट सांगणारा मात्र तिला मधे उभी करतो आणि म्हणतो, बघा! मग सगळे बघतात. त्यानंतर ती घरी कशी जाते, दुसऱ्या दिवशी कामावर तिच्या शेजारी कोण बसतं, हे गोष्टीत कधी येत नाही. तुझ्या बाईंना विचार, तसं एखादं प्रकरण आहे का पुस्तकात.

आईबद्दल तू फार थोडं लिहिलंस. गुडघे दुखायचे तिचे. जिना चढता येतो का अजून?

तुझं मोठं भावंड

१५ फेब्रुवारी
(कार्ड. पत्ता: पेंटर यांच्या घरी, बोटींचा धक्का)

ताई, घाईत लिहितेय. पाठमोरं चित्र मला फार आवडलं, पण बाई म्हणाल्या, "यात धक्का कुठाय?" मी म्हटलं, "त्या सात जणांना बसलाय ना." तर म्हणतात, "मला वाचकाला बसायला हवाय." तेव्हा आता केसच काढ. तुझी स्वतःची कमरेपर्यंतची वेणी आठव, तीच सोड. महिनाअखेर हवं. आणि भाऊजींच्या आड लपू नकोस! बोटीवरचा तो बगळा तूच काढलास हे मी फोटोत एका नजरेत ओळखलं. धक्क्यावरच्या लोकांनाही कळू दे, त्यांचा पेंटर खरा कोण ते! तुझी बारकी

२ मार्च

ताई,

कार्ड पोचलं ना? चित्र नाही आलं तरी चालेल. बाईंनी दोनशेतलंच एक घेतलं, केसवालं. कागद छपाईला गेले.

रागावलीस का? काय चुकलं ते तरी सांग. कचेरीत टपाल आलं की मी हातातलं काम सोडून जिन्यापर्यंत जाते. शिपाई आता मला लांबूनच मान हलवून 'नाही' सांगतो.

बारकी

२१ मार्च

बारके,

तुझं पत्र जुन्या पत्त्यावरून फिरत फिरत आलं. मी आता तिथे राहत नाही. पुढचं बसून वाच.

तुझे भाऊजी म्हणून कुणी नाहीत. धक्क्यावर पेंटर एकच होता, तो मी. मी पुरुष म्हणून राहतो. चौदा वर्षं तसाच राहत आलोय. हे सोंग नाही आणि कुणाला चकवायला तर मुळीच नाही. सोंग होतं ते घरी, पायरीवर बसून वेणी घालून घ्यायचो तेव्हा. वेणी ओढल्याने दुखत नव्हतं, बारके. पहिली दोन्ही पत्रं लिहिताना मी एकेक क्रियापद तांदळासारखं निवडून घेतलं. कुठे 'गेलो' येऊ दिलं नाही, कुठे 'गेले' येऊ दिलं नाही. तुझ्याशी खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं सांगायचा धीर होत नव्हता.

आईला मी निघायच्या दिवशी सांगितलं होतं. स्वयंपाकघराच्या दारात. ती म्हणाली, "बारकीला यातलं काही कळता कामा नये." मी म्हटलं, "ती विचारेल की." ती म्हणाली, "विचारणार नाही असं मी बघेन." तिने ते बघितलं असणार.

आता कार्डाबद्दल. दुपारी डबे उघडून आम्ही बसलो होतो. मुकादम कार्ड घेऊन आला आणि गंमत म्हणून मोठ्याने वाचायला लागला. बगळ्याचं वाक्य आलं तेव्हा थांबला. "अरे पेंटर, हा बगळा तर तू माझ्यासमोर काढलास. शिडी मी धरली होती. मग ही ताई कोण?" सगळे हसले. मीही हसलो. म्हटलं, "पोस्टाचा घोळ असेल, दुसऱ्या कुणाचं असेल." "दुसरा पेंटर कुठाय इथे?" असं म्हणत तो कार्ड पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागला. मग वेणी आली. हसणं एकेकाच्या तोंडावरून उतरत गेलं आणि ते माझ्याकडे बघायला लागले. चेहऱ्याकडे नव्हे. माझ्या हातांकडे, गळ्याकडे, छातीकडे. नऊ वर्षं ज्यांच्यासोबत जेवलो ती माणसं, बारके, माझ्या अंगावर काहीतरी शोधत होती.

कुणी हात उगारला नाही की शिवी दिली नाही. दुसऱ्या दिवशी चहाला नऊ ग्लास यायचे ते आठ आले, एवढंच. घरमालकीण जिन्यात भेटली. "खोली लागणार आहे." "कधीपर्यंत?" "लागणार आहे," ती माझ्या पायांकडे बघत पुन्हा म्हणाली. एक सुतार होता, बोटींचाच, माझा त्यातल्या त्यात जवळचा. तो चार दिवस बोलला नाही. निघालो त्या सकाळी मात्र न बोलवता आला, ट्रंक उचलली, गाडीपर्यंत आणून दिली. म्हणाला, "तू मला सांगितलं असतंस तर मी काय केलं असतं, मलाच माहीत नाही. नाही सांगितलंस ते बरं केलंस." मग हात पुढे केला आणि आम्ही हात मिळवले. तो आधी कधी हात मिळवायचा नाही, पाठीत गुद्दा घालायचा.

आता मी एका बस डेपोत गाड्यांच्या पाट्या रंगवतो. गावांची नावं आणि नंबर. बगळे काढायची सोय नाही.

तुझ्यावर रागावलोय का? हो. पाकीट चिकटव म्हणून लिहिलं होतं मी. पण तुला काही माहीत नव्हतं, आणि ते माझ्यामुळेच माहीत नव्हतं, म्हणून हा राग कुठे धरावा ते समजत नाही.

आईला यातलं काही सांगू नकोस. फक्त मी जेवतो-खातो आणि तब्येत बरी आहे एवढं सांग.

तुझा भाऊ

२९ मार्च

वर काय लिहू ते कळेना, म्हणून जागा सोडली आहे.

तुझं पत्र मी कचेरीच्या जिन्यात उभ्या उभ्या वाचलं. तू बसून वाच लिहिलं होतंस, पण ते वाचेपर्यंत मी पुढच्या ओळीवर होते. मागून दोन जण 'जरा सरकता का' म्हणून गेले.

कार्ड का पाठवलं, तर पाकिटं संपली होती. खाली दुकान आहे, चार पायऱ्या उतरायच्या होत्या. मी कंटाळा केला. याहून मोठं काही कारण असतं तर निदान ते तुला सांगता आलं असतं. तुझं घर गेलं, माणसं गेली, आणि मी इथे शिपायाला विचारत होते की ताई रागावली की काय.

आता माझं ऐक. तू निवडून लिहिलंस म्हणतोस. मीही लिहिलं. 'आईला आता कसलाही त्रास नाही', हे वाक्य मी अर्धा तास बसून जुळवलं होतं. आई ऑक्टोबरात गेली. तुला पहिलं पत्र लिहिलं तेव्हा अडीच महिने झाले होते. खरं तर तेच सांगायला लिहायला बसले होते. मग वाटलं, आई नाही हे कळलं तर तुला माझ्याकडे परत वळायला काय कारण उरेल? मी तर तेरा वर्षांची एक पोरगी होते, तुला माझं काय आठवत असणार. म्हणून चित्राचं निमित्त पुढे केलं.

छातीचं दुखणं होतं, अकरा दिवस दवाखान्यात होती. पहिल्या दिवशी नर्स फॉर्म भरत होती. "मुलं किती?" आई म्हणाली, "दोन." "ही एक. दुसरा मुलगा की मुलगी?" आई म्हणाली, "मोठं आहे. लांब असतं." नर्सने पेन थांबवून पुन्हा विचारलं, "हो, पण मुलगा की मुलगी?" आईने डोळे मिटून घेतले. मला वाटलं, दमली. नर्सने शेवटी काय लिहिलं ते मी बघितलं नाही. आता रोज वाटतं, बघायला हवं होतं.

तू तिला जेवतो-खातो म्हणून सांगायला सांगितलंस. ते मी कुणाला सांगू?

बारकी

९ एप्रिल

बारके,

कामावर जाऊन साहेबाला म्हटलं, आई गेली, दोन दिवस सुट्टी हवी. तो हळहळला. म्हणाला, "कधी गेल्या?" मी म्हटलं, "ऑक्टोबरात." त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. मग सुट्टी दिली.

दोन दिवस खोलीतच होतो. तुला कडक पत्र लिहिलं, फाडलं. मी तुझ्या पत्रांत तिचे गुडघे विचारत होतो, बारके. जिना चढता येतो का म्हणून विचारत होतो. ते वाचून तू गप्प कशी बसलीस? पण मग माझं मलाच हसू आलं. गप्प बसण्याबद्दल तुला मी बोलावं, एवढं माझं तोंड नाही.

'मोठं आहे, लांब असतं.' हे मी दिवसभर मनात म्हणून बघितलं. तिने मला कबूल केलं असं यातून काढता येत नाही. पण नर्सने दोनदा विचारूनही ती 'मुलगी' म्हणाली नाही. मी एवढ्यावर थांबायचं ठरवलंय. तू यापेक्षा जास्त काही अर्थ लावून मला समजावू नकोस.

वर जागा सोडू नकोस. ताई लिहिलेलं मला चालणार नाही. दादा लिहायला जमत नसेल तर काहीच लिहू नकोस, सरळ विषयाला हात घाल.

तुझा भाऊ

२२ एप्रिल

दादा,

हे लिहायला वाटलं होतं तेवढं जड गेलं नाही. चार वेळा रद्दीवर लिहून बघितलं, पाचव्यांदा आपोआप आलं.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी बाईंकडे गेले. म्हटलं, पान त्र्याऐंशीचं चित्र बदला. त्या म्हणाल्या, "छापून झालंय. आणि एवढं काय आहे त्यात? सुंदर चित्र आहे." मी म्हटलं, "ज्याच्या जिवावर हा धक्का देतात त्याचं पुढे काय होतं, ते या चित्रात नाही." त्यांनी चष्मा काढला. वाईट बाई नाहीत त्या. अगदी हळू विचारलं, "घरचं काही आहे का गं?"

मी 'नाही' म्हणाले.

तोंडातून निघून गेलं. मग जागेवर येऊन बसले आणि कोऱ्या कागदावर रेघा मारत राहिले. तुला न सांगताही चाललं असतं, पण आता आपल्यात निवडून लिहायचं नाही असं मी ठरवलंय.

पुस्तक आलंय. केस छान छापलेत, एकेक बट सुटी दिसते. लोकांना पान आवडतंय. तुझं पाठमोरं चित्र मी खोलीत टेबलासमोर लावलंय. वाफेने त्याची कड उचलली जाते, मी रोज अंगठ्याने दाबते.

मी तुला भेटायला येऊ?

बारकी

२७ एप्रिल

बारके,

ये. रविवारी, ३ मेला ये. अकराची गाडी डेपोतच थांबते. मी चौकशीच्या खिडकीसमोरच्या बाकावर असेन. निळा शर्ट, चष्मा, पुढून केस उडायला लागलेत. उजव्या हाताला कुठला ना कुठला रंग असतोच. तू मला ओळखणार नाहीस, मीच तुला शोधीन.

दादा

४ मे

दादा,

मी आले होते.

तू म्हणशील, गाडी चुकली असेल किंवा ताप आला असेल. मी दोन्ही कारणं लिहून बघितली आणि फाडली. मी अकराच्या गाडीने उतरले. तू बाकावर होतास. शेजारी चहाचे दोन ग्लास झाकून ठेवले होतेस. तू लिहिलं होतंस, मी ओळखणार नाही. दादा, मी गाडीच्या खिडकीतूनच ओळखलं. बाबांचा फोटो आहे ना, कपाळाला हात लावून उन्हात उभे असलेले, तसाच तू गाड्यांकडे बघत होतास. मी सात वर्षांची असताना गेलेला माणूस बाकावर बसला होता.

कागदावर 'दादा' लिहिणं सोपं होतं. तिथे चार माणसांत मोठ्याने हाक मारायची वेळ आली. 'ताई' तोंडातून निघून गेलं तर? एकदा कार्डाने घर घालवलं, आता या गावातही मीच? मी खांबामागे उभी राहिले. आता जाते, आता जाते, असं करत. तू एक चहा प्यायलास. दुसरा तसाच ठेवलास. साडेबाराची गाडी लागली आणि मी तिच्यात चढले. तू अजून बसलेला होतास.

परत येताना वाटेत एक बाई शेजारी येऊन बसल्या, त्यांनी विचारलं, "कुणाकडे गेला होतात?" मी म्हटलं, "भावाकडे." "भेटले का?" मी म्हटलं, "हो, बरा आहे."

आता तू पत्र लिहिलं नाहीस, तरी का ते मला कळेल.

बारकी

८ मे

बारके,

तू उतरलीस तेव्हाच मी तुला बघितलं होतं. आईसारखीच एका बाजूला झुकून चालतेस. खांब काही तेवढा रुंद नाही, तुझी पिशवी पूर्ण वेळ बाहेर दिसत होती.

मी उठलो होतो. मग तुझा चेहरा दिसला आणि परत बसलो. घाबरलेल्या माणसाला हाक मारू नये, एवढं मला कळतं. मीही घरातून निघालो त्या दिवशी तू शाळेतून येईपर्यंत गल्लीच्या टोकाला उभा होतो. तू आलीस, दप्तर हलवत घरात गेलीस. मी हाक मारली नाही. ते कधी सांगितलं नव्हतं, आता सांगतो.

चुकून 'ताई' निघालंच, तर निघू दे. मी सांभाळून घेईन. आणि काहीच नाही निघालं तर नुसती येऊन बस. बोलायला मी आहे, चौदा वर्षांचं साठलंय. तुझ्या त्या माणसाबद्दलही विचारायचंय, जो आता नाही म्हणालीस.

पुढच्या रविवारीही मला सुट्टी आहे. अकराची गाडी नेहमी उशिराच येते, पण मी साडेदहापासून बसतो.

दादा